आधी श्वास, मग यंत्राची चौकशी



करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडील अनेक घरांत एक पाहुणा आला आणि कायमचा वस्तीला राहिला. पलंगाशेजारी घुमणारे, दर काही सेकंदांनी सुस्कारा टाकणारे ते ऑक्सिजनचे यंत्र, म्हणजेच कॉन्सन्ट्रेटर. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून आयुष्यभर धूर गिळलेल्या आजी, विडीने छाती पोखरलेले आजोबा, जिनिंगच्या धुळीत वर्षे काढलेले कामगार, जुन्या क्षयाने फुप्फुसाचा एखादा भाग गमावलेले गृहस्थ, अशा अनेकांना डॉक्टर घरीच ऑक्सिजन घेण्याचा सल्ला देतात. यंत्र आणणारा माणूस कळ दाबून दाखवतो, नळी नाकात अडकवून देतो आणि निघून जातो. अडचण पुढे कधीतरी रात्री दोन वाजता येते. यंत्र घुमत असते, दिवा लागलेला असतो, तरी आजी उठून बसतात आणि म्हणतात, "माले दम लागस."

त्या वेळी शुश्रूषा करणाऱ्या माणसाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय मुळीच करू नये, याविषयी या अंकात लिहीत आहे.

पाणबुड्यांकडून घेण्याजोगा धडा

मालवणजवळच्या तारकर्लीला जाऊन आलेल्या नातवंडांनी आपल्याला समुद्राखालची छायाचित्रे दाखवली असतील. पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडात रबरी तुकडा. त्या तुकड्यामागे जी यंत्रणा असते तिला रेग्युलेटर म्हणतात. सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबाखाली कोंबलेली असते. तो दाब दोन टप्प्यांत उतरवून, माणूस श्वास घेईल तेव्हाच आणि त्याला सोसेल एवढ्याच दाबाने हवा देणे हे रेग्युलेटरचे काम. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी अशी सुटसुटीत यंत्रणा सिद्ध केली.

सहलीतल्या उथळ पाण्यात सहसा काही जाणवत नाही. व्यावसायिक पाणबुडे मात्र खोल उतरतात. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासात चौपट हवा खर्च होते आणि ती हवा चौपट दाटही असते. सिलिंडरची झडप अर्धवट उघडी राहिली असेल तर वर काही कळत नाही, खाली मात्र हवा अपुरी पडू लागते. प्रत्येक श्वासाबरोबर दाब दाखवणारी सुई खाली झुकते आणि परत वर येते. जाणता पाणबुड्या त्या खुणेवरून दोष ओळखतो. पण दम कोंडू लागला की पाण्याखाली रेग्युलेटर उघडून दुरुस्त करत बसणारा पाणबुड्या नसतो. तो थांबतो, सावकाश पूर्ण उच्छ्वास सोडतो, सोबत्याला खूण करतो, सोबत्याजवळचा राखीव तुकडा तोंडात घेतो आणि त्याच्यासह हळूहळू वर येतो. यंत्राची तपासणी होते ती किनाऱ्यावर.

आपल्या घरातील रुग्णासाठी तो सोबती आपण आहोत. राखीव तुकडा म्हणजे कोपऱ्यात भरून ठेवलेले ऑक्सिजनचे सिलिंडर. धाप वाढली की आधी श्वासाची सोय लावायची आणि दोष नंतर शोधायचा, एवढे एक सूत्र या लेखातून लक्षात राहिले तरी पुरे आहे.

पहिले मिनिट माणसासाठी

यंत्राकडे वळण्यापूर्वी रुग्णाकडे नीट पाहा. त्यांना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवा, पुढे उशी किंवा छोटे टेबल ठेवून त्यावर हात टेकवू द्या. आडवे झोपवू नका. खिडकी उघडा, पंख्याचा किंवा हातपंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या. गार वाऱ्याच्या झुळुकीने धापेची जाणीव कमी होते, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. मग नाकाने श्वास घेऊन, दिवा फुंकताना करतो तसे ओठ मिटते ठेवून, सावकाश श्वास सोडायला सांगा. आपणही समोर बसून तसेच करा. जुनाट दम्यासारख्या विकारात जुनी हवा छातीत अडकून पडते आणि नवी हवा घेण्याला जागा उरत नाही. घाबरून भराभर श्वास घेतल्याने कोंडी आणखी वाढते. म्हणून अशा वेळी भर श्वास सोडण्यावर द्यावा.

हे करतानाच चार गोष्टी न्याहाळा. रुग्णाला एक वाक्य न थांबता पूर्ण बोलता येते का? ओठ आणि नखे निळसर दिसतात का? माणूस नेहमीसारखा शुद्धीवर आहे, की गुंगीत, असंबद्ध बोलतो आहे? छातीत दुखते आहे का? यांपैकी एकही गोष्ट बिघडलेली दिसली, तर यंत्र तपासत बसू नका. नाकातली नळी काढू नका. यंत्रावर शंका असेल तर ती सिलिंडरला जोडा आणि घरातील दुसऱ्या माणसाला १०८ वर फोन करायला सांगा.

मग ऑक्सिमीटर लावा. हात गार पडले असतील तर आधी चोळून ऊब द्या, नखाला रंग असेल तर दुसरे बोट निवडा, हात स्थिर ठेवा आणि आकडा स्थिरावेपर्यंत किमान अर्धा मिनिट थांबा. पहिल्याच क्षणी दिसलेल्या आकड्यावर विसंबून धावाधाव करू नये.

नाकापासून भिंतीपर्यंत

रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतो आहे, मात्र धाप नेहमीपेक्षा अधिक आहे, अशा वेळी ऑक्सिजनची वाट तपासावी. तपासणी नेहमी एकाच क्रमाने, नाकापासून सुरू करून भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत करावी. क्रम ठरलेला असला की घाईत एखादी जागा सुटत नाही.

नाकातली दोन्ही टोके नाकपुड्यांतच आहेत ना, वळण खालच्या दिशेने आहे ना, ते पाहा. झोपेत ती गालावर सरकतात. टोकांत शेंबडाची खपली अडकली असेल तर नळी बदला. नाकच चोंदले असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे. मग एका भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन टोके क्षणभर त्यात धरा. बुडबुडे आले तर ऑक्सिजन इथवर पोहोचतो आहे आणि पुढची बरीच चौकशी वाचते. टोके पुसूनच परत नाकात घाला.

बुडबुडे आले नाहीत किंवा फारच मंद आले तर नळी हातात धरून मागे मागे जा. पलंगाच्या पायाखाली, चाकांच्या खुर्चीखाली, दाराच्या फटीत ती चेपलेली सापडते. गार खोलीत नळीच्या आत पाणी साचते आणि वाट अडवते. अशा वेळी नळी काढून झटकावी. आजोबांना अंगणापर्यंत जाता यावे म्हणून जोडावर जोड देऊन नळी लांबवणेही बरे नाही. सर्वसाधारणपणे १५ मीटरच्या पुढे जाऊ नये आणि प्रत्येक जोड घट्ट असावा.

त्यानंतर पाण्याची बाटली. तिचे झाकण आट्यांवर तिरके बसले असेल तर ऑक्सिजन तिथूनच निसटतो. यंत्र चालू असताना बाटलीपुढची नळी बोटांनी काही क्षण दाबून धरा. बाटली घट्ट असेल तर तिच्यावरील छोटी सुरक्षा झडप शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज करते. आवाज आला नाही तर गळती बाटलीत किंवा तिच्या मागच्या जोडात आहे, असे समजावे. अशा वेळी झाकण काढून पुन्हा सरळ बसवावे. बाटलीत डिस्टिल्ड पाणी किंवा उकळून गार केलेले पाणी दोन रेषांच्या मध्ये असावे आणि ते रोज बदलावे. नळाचे पाणी वापरल्याने क्षार साचतात आणि जंतूही वाढतात. पाणी रेषेच्या वर भरले तर ते नळीत उडते.

आता यंत्र पाहा. प्रवाहाच्या काचेतील गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या रेषेवर आहे का, हे डोळे त्या पातळीला आणून पाहावे. रेषा गोळीच्या मधोमध यायला हवी. पिवळा किंवा लाल दिवा लागला असेल तर ऑक्सिजनची शुद्धता उतरली आहे, असा त्याचा साधारण अर्थ असतो. हे यंत्र ऑक्सिजन निर्माण करत नाही. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. यंत्र ती हवा आत ओढते, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांवर नायट्रोजन अडवून ठेवते आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडते. साहजिकच हवा ओढण्याची वाट बंद झाली की सारेच बिघडते. बाहेरची स्पंजाची जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. यंत्र भिंतीपासून, पडद्यापासून आणि गोधडीच्या ढिगापासून किमान एक फूट दूर असावे. चालू केल्यावर पूर्ण शुद्धता यायला काही मिनिटे लागतात, हेही ध्यानात असू द्या.

शेवटी भिंत. यंत्राची पिन थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असावी. कूलर, फ्रिज आणि यंत्र एकाच जोडफळीवर लावू नयेत.

खानदेशचा उन्हाळा आणि विजेचा लपंडाव

आपल्याकडे एक अडचण विशेष आहे. घरगुती कॉन्सन्ट्रेटर साधारणपणे ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चालवण्यासाठी बनवलेले असतात. नेमका आकडा यंत्रासोबतच्या पुस्तिकेत असतो. भुसावळ आणि जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी यंत्र तापते, धोक्याची शिट्टी वाजवते, प्रसंगी बंद पडते. म्हणून उन्हाळ्याचे तीन महिने यंत्र आणि रुग्ण दोघांनाही घरातल्या सर्वांत थंड जागी हलवावे. धाब्याचे जुने घर असेल तर त्यातील आतली खोली उत्तम. कूलरचा वारा रुग्णाला मिळावा, मात्र त्याच्या ओलसर झोतात यंत्र ठेवू नये. तो दमटपणा आतल्या कणांना मारक असतो.

विजेचा दाब कमी-अधिक होत असेल तर योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा. इन्व्हर्टरवर यंत्र चालवायचे असेल तर ते शुद्ध साइन वेव्ह प्रकारचे आहे का आणि यंत्राचे वॅट त्याला झेपतात का, हे तंत्रज्ञाकडून आधीच तपासून घ्यावे. वीज गेल्यावर यंत्र सूचनेची शिट्टी देते. ती ऐकू येईल अशा अंतरावर रात्री कुणीतरी झोपलेले असावे.

राखीव सिलिंडर आणि त्याचा हिशेब

भरलेले म्हणून ठेवलेले सिलिंडर वेळेला रिकामे निघणे, ही दुर्घटना नुसत्या आठवड्याच्या तपासणीने टळते. घरी बहुधा 'बी टाइप' सिलिंडर असते. त्याची पाण्याची क्षमता सुमारे १० लिटर आणि पूर्ण भरलेला दाब सुमारे १५० किलो. या दोहोंचा गुणाकार केला की आत सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन आहे, हे कळते. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तो ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास पुरतो. काटा ५० वर आला असेल तर ५०० लिटर उरले. तेच २ लिटरने २५० मिनिटे, म्हणजे जेमतेम चार तास. शेवटचा थोडा साठा हिशेबात धरू नये. धुळ्याहून किंवा जळगावहून आपल्या गावापर्यंत दुसरे सिलिंडर यायला किती वेळ लागतो, तो वेळ या चार तासांतून वजा करून पाहावा आणि काटा कुठे आल्यावर फोन करायचा, ते त्यावरून ठरवावे.

सिलिंडरवरही दाब उतरवणारा रेग्युलेटर असतोच, आणि पाणबुड्याची ती सुई इथेही उपयोगी पडते. प्रवाह सुरू करताच काटा एकदम खाली येत असेल आणि बंद करताच वर चढत असेल, तर मुख्य झडप पूर्ण उघडलेली नाही किंवा वाट कुठेतरी तुंबली आहे. झडप किल्लीने डावीकडे, सावकाश, पूर्ण उघडावी. जोडाशी 'सूं' असा आवाज येत असेल तर झडप बंद करून वॉशर जागेवर आहे का ते पाहावे. झडप घट्ट आहे म्हणून तिला तेल किंवा ग्रीस कदापि लावू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका उडू शकतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधून उभे ठेवावे, उन्हात ठेवू नये.

देवघरातील निरांजन, उदबत्ती, चूल, गॅस आणि विडी यांपासून ऑक्सिजन किमान तीन मीटर दूर हवा. तो अंथरुणात, गोधडीत आणि कपड्यांत साचून राहतो. यंत्र बंद केल्याबरोबर काडी ओढणेही म्हणूनच धोक्याचे. नाक कोरडे पडले तर तेल, व्हॅसलिन किंवा बाम न लावता डॉक्टरांकडून पाण्यावर आधारित मलम घ्यावे.

प्रवाह वाढवण्याचा मोह

धाप दिसली की घरातील कुणीतरी हमखास म्हणते, "दोनाचे चार करा ना!" मायेपोटी केलेली ही गोष्ट काही रुग्णांना घातक ठरते. जुनाट धूम्रविकारात शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. अशा रुग्णाला गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजन दिला तर तो साठा आणखी वाढू शकतो. ऑक्सिमीटरवर ९८ असा सुंदर आकडा दिसतो आणि माणूस मात्र गुंगीत जात असतो. सकाळी डोके जड होणे, दिवसा पेंग येणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. म्हणून अशा रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ एवढीच पातळी राखायला सांगतात. इतर आजारांत हा आकडा वेगळा असतो. आपल्या रुग्णाचा आकडा कोणता आणि तो खाली गेला तर प्रवाह किती वाढवण्याची मुभा आहे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. शिवाय घरगुती यंत्र त्याच्या क्षमतेपलीकडे रेटले तर शुद्धताच घसरते, म्हणजे आकडा चढतो आणि ऑक्सिजन पातळ होतो.

नेमका, मोजून, लक्ष ठेवून ऑक्सिजन देण्याचे मोल आपल्या खानदेशाने महाराष्ट्राला दाखवले आहे. नंदुरबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेनंतरच ऑक्सिजन निर्मितीची सोय उभी केली, आणि तिथल्या रुग्णालयात 'ऑक्सिजन नर्स' ही कल्पना राबवली गेली. या परिचारिकांचे काम ठरावीक वेळाने प्रत्येक रुग्णाची पातळी पाहून गरजेइतकाच प्रवाह ठेवणे. घरी ते काम एका माणसाच्या नावावर असावे. सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवायचे ठरले की पुष्कळदा कुणाचेच लक्ष राहत नाही.

यंत्र निर्दोष आणि तरीही धाप

सगळी वाट तपासली, बुडबुडे नीट आले, तरी धाप कमी होत नसेल तर दोष शरीरात शोधायला हवा. कफाचा रंग बदलणे, ताप, दोन्ही पायांवर सूज, आडवे होताच कोंडल्यासारखे वाटणे, ही डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवण्याची कारणे आहेत. एकाच पायाची दुखरी सूज आणि अचानक आलेली धाप, फेसाळ किंवा रक्तमिश्रित कफ, छातीतील कळ, गुंगी, निळे ओठ, किंवा ऑक्सिजन चालू असूनही ठरलेल्या आकड्याच्या खाली राहणारी पातळी, यांत वाट पाहू नये. १०८ ला बोलवावे. फोनवर गावाचे नाव, जवळची खूण आणि 'रुग्ण घरी ऑक्सिजनवर आहे' हे तीन तपशील आधी सांगावेत. दम्याचा फवारा डॉक्टरांनी लिहून दिलेला असेल तर तो वाट पाहताना सांगितल्याप्रमाणे द्यावा. औषधांची फाइल आणि ऑक्सिजनचा कागद सोबत न्यावा.

आता एक विनंती. येत्या रविवारी, दिवसाउजेडी, सगळे घरी असताना एकदा सराव करा. यंत्रावरून सिलिंडरवर नळी जोडायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. सूनबाई, नातू, रात्री सोबतीला येणारी बाई, प्रत्येकाने ते एकदा आपल्या हाताने करावे. किल्ली सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवावी. मग एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहा: सांगितलेला प्रवाह, राखायची पातळी, डॉक्टरांचा क्रमांक, सिलिंडरवाल्याचा क्रमांक, १०८. तो कागद यंत्राच्या वर, चष्म्याशिवाय वाचता येईल असा चिकटवा, आणि दर सोमवारी सिलिंडरचा काटा पाहून त्याची नोंद त्याच कागदावर तारखेसह करत जा.